लघवीच्या नळीचं मोठं ऑपरेशन किती वर्षं टिकतं?

वाचकाचं पत्र

माझं वय 37. भोसरीत एका वर्कशॉपमध्ये मशीनवर काम करतो. चार वर्षांपूर्वी शिडीवरून पाय सटकला आणि लोखंडी चॅनेलवर दोन पायांच्या मधोमध आपटलो. लघवीतून रक्त आलं, दोन दिवसांत थांबलं, म्हणून कुणाला दाखवलं नाही. वर्षाच्या आत धार बारीक झाली. कुंथल्याशिवाय लघवी होईना. तपासणीत मूत्रमार्ग आवळल्याचं निघालं. दुर्बिणीतून कापून नळी मोकळी केली, आठ-नऊ महिने बरे गेले. मग परत तेच. दुसऱ्यांदा दुर्बीण घातली, पण या वेळी पाच महिनेसुद्धा धड गेले नाहीत. आता दुसऱ्या डॉक्टरांनी डाय टाकून एक्स-रे काढलाय. तीन सेंटिमीटरचा भाग अरुंद आहे. ते म्हणतात, गालाच्या आतली त्वचा लावून मोठं ऑपरेशन करू. मेहुणे म्हणतात, ‘तेही दहा वर्षांत बिघडतं. त्यापेक्षा दरवर्षी दुर्बीण घाल, दुसऱ्या दिवशी घरी.’ मी तंबाखू खातो, ते चालेल का? एक मुलगी आहे, दुसरं मूल हवंय. नवरा-बायकोच्या संबंधांवर परिणाम होईल का? बायकोला फक्त इन्फेक्शन आहे एवढंच सांगितलंय. हे ऑपरेशन किती वर्षं टिकेल, खरं सांगा.
– एक वाचक, भोसरी

उत्तर

तुमच्या पत्रात विचारण्यासारखं सगळं तुम्ही विचारलंत, शिवाय तंबाखूचं आपण होऊन सांगितलंत, ते फार बरं केलंत. आधी थेट सांगतो: तिसऱ्यांदा दुर्बीण घालून कापून घेऊ नका. मोठ्या ऑपरेशनचा सल्ला योग्य आहे. ते किती टिकेल याचं उत्तरही बरंच आशादायक आहे, फक्त ते एका आकड्यात मावत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही आपटलात त्या जागी, म्हणजे अंडकोशाच्या मागे, मूत्रमार्ग हाडाच्या अगदी खाली असतो. मार लागला की तो लोखंड आणि हाड यांच्यामध्ये चेमटतो. नळीभोवती रक्ताने भरलेला स्पंजसारखा मऊ थर असतो. तो फाटला की भरून येताना तिथे मऊ पेशी येत नाहीत, कडक व्रण तयार होतो आणि महिनोन्‌महिने आकसत राहतो. म्हणून रक्त दोन दिवसांत थांबलं तरी धार बारीक व्हायला वर्ष लागलं. हा तुमच्या हलगर्जीपणाचा भाग नाही. बहुतेकांच्या बाबतीत असंच होतं आणि आपटल्याचं त्यांना नंतर आठवतही नाही.

दुर्बिणीतून डॉक्टर तो व्रण आतून उभा कापतात. नळी त्या क्षणी मोकळी होते, पण कापलेली जागा भरून येते ती पुन्हा व्रणानेच. व्रण छोटा असेल, दीड-दोन सेंटिमीटरच्या आत, आणि ऑपरेशन पहिलंच असेल, तर साधारण निम्म्या लोकांचं त्यावर भागतं. त्यामुळे तुमच्या पहिल्या डॉक्टरांनी आधी दुर्बीण सुचवली यात काही गैर नव्हतं. दुसऱ्यांदा मात्र यशाचं प्रमाण उतरतं आणि तिसऱ्यांदा कायमचं बरं होण्याची आशा जवळजवळ उरत नाही. तुमचा स्वतःचा अनुभव तेच सांगतो: आधी आठ-नऊ महिने, मग पाचही नाहीत. शिवाय दर वेळी व्रण थोडा खोल आणि लांब होण्याचा धोका असतो. आज तीन सेंटिमीटर आहे तो आणखी दोन-तीन वेळा कापल्यावर तेवढाच राहील याची खात्री नाही, आणि शेवटी मोठं ऑपरेशन करावं लागलं तर ते आजच्यापेक्षा अवघड होऊन बसेल.

मेहुण्यांच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये नेमका हाच प्रश्न घेऊन दोनशेहून अधिक पुरुषांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2020 मध्ये आले. सगळ्यांचा मूत्रमार्ग एकदा उपचार होऊन पुन्हा आवळलेला होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवून निम्म्यांना दुर्बीण आणि निम्म्यांना मोठं ऑपरेशन सुचवलं. पहिल्या दोन वर्षांत त्रास कमी होण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. फरक दिसला तो पुन्हा ऑपरेशनची वेळ येण्यात: मोठं ऑपरेशन झालेल्यांमध्ये ते प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. म्हणजे दुर्बिणीनंतर माणसाला बरं वाटतं हे खरंच आहे. पण तुम्ही 37 वर्षांचे आहात. पुढची तीस-चाळीस वर्षं दरवर्षी सुट्टी, भूल, अँटिबायोटिक आणि ‘आता कधी बंद होतंय’ ही धाकधूक, असा हा हिशेब आहे. ऐंशीच्या घरातल्या, हृदयाचा आजार असलेल्या आजोबांना मी कदाचित तो मार्ग सुचवेन. तुम्हाला नाही. अमेरिकेतल्या यूरॉलॉजिस्टांच्या (मूत्ररोगतज्ज्ञांच्या) संघटनेची 2016 पासूनची मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात: दुर्बिणीने एकदा कापूनही मूत्रमार्ग पुन्हा आवळला, तर तेच परत करण्यापेक्षा नळी नव्याने बांधण्याचं ऑपरेशन सुचवा.

आता त्या ऑपरेशनकडे वळतो. ढोबळमानाने त्याचे दोन प्रकार आहेत. आवळलेला भाग छोटा असेल तर तो पूर्ण कापून काढतात आणि दोन्ही निरोगी टोकं एकमेकांना शिवतात. यात व्रणच निघून जातो, त्यामुळे हे सगळ्यांत जास्त टिकतं. भाग लांब असेल तर टोकं ओढून जोडल्यावर शिश्न ताठ होताना ओढ बसते किंवा ते वाकतं, म्हणून नळी उभी उघडून तिच्या रुंदीत नवीन अस्तराची भर घालतात. हे अस्तर गालाच्या आतून घेतात. ती जागा कायम ओली असते, तिच्यावर केस नसतात, ती जाड आणि चिवट असते, आणि नव्या जागी रक्तपुरवठा लवकर पकडते. 1941 मध्ये इंग्लंडमधल्या हंबी या सर्जनने लहान मुलांच्या जन्मजात दोषासाठी ती वापरल्याची नोंद आहे, पण जगभर तिचा वापर वाढला तो 1990 नंतरच. इटलीतल्या बारबाग्ली यांनी 1996 मध्ये असं बाहेरून आणलेलं अस्तर नळीच्या वरच्या बाजूला, घट्ट आधारावर बसवण्याची पद्धत मांडली.

पुण्याचं नाव या विषयात जगभर घेतलं जातं, हे तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. आपल्याकडचे डॉ. संजय कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात मूत्रमार्ग एकाच बाजूने मोकळा करतात आणि दुसऱ्या बाजूचा रक्तपुरवठा व नसा जागच्या जागी राहू देतात. ती आता परदेशातही ‘कुलकर्णी टेक्निक’ याच नावाने शिकवली जाते. टोकापासून मागपर्यंत जवळजवळ पूर्ण मूत्रमार्ग आवळलेल्या 117 पुरुषांचे निकाल त्यांच्या गटाने 2012 मध्ये छापले. आवळलेल्या भागाची सरासरी लांबी होती तब्बल 14 सेंटिमीटर. साधारण पाच वर्षांच्या पाठपुराव्यानंतर 83.7 टक्के लोकांची नळी मोकळी होती. ज्यांचं हे पहिलंच मोठं ऑपरेशन होतं त्यांच्यात हे प्रमाण 86.5 टक्के होतं, आणि आधी दुसरीकडे झालेलं ऑपरेशन फसल्यावर आलेल्यांमध्ये 61.5 टक्के. या शेवटच्या दोन आकड्यांमधला फरक मी माझ्या रुग्णांना मुद्दाम दाखवतो. तुमचा भाग तीनच सेंटिमीटर आहे, म्हणजे या लोकांच्या मानाने तुमची परिस्थिती कितीतरी सोपी आहे. पण पहिलं मोठं ऑपरेशन नीट व्हायला हवं, हे काम नेहमी करणाऱ्या माणसाकडून व्हायला हवं, हे त्या फरकातून दिसतं. तुम्हाला सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा: ‘तुम्ही अशी किती ऑपरेशनं करता? तुमच्या स्वतःच्या रुग्णांपैकी पाच वर्षांनंतर किती जण ठीक आहेत? माझी नळी कापून जोडता येण्यासारखी आहे की गालाचं अस्तरच लागेल?’ चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही.

आता मेहुण्यांचं ‘दहा वर्षांत बिघडतं’. हे वाक्य मी ओपीडीत अनेकदा ऐकलंय आणि त्याला आधार आहे. लंडनमधल्या एका गटाने 2003 मध्ये त्यांच्या जुन्या रुग्णांचा लांबचा हिशेब मांडला. कापून जोडलेल्यांमध्ये नळी पुन्हा आवळण्याचं प्रमाण एका वर्षाला 7 टक्के, पाच वर्षांना 12, दहा वर्षांना 13 आणि पंधरा वर्षांना 14 टक्के निघालं. बघा, पाच वर्षांनंतर ते जवळजवळ वाढतच नाही. बाहेरून अस्तर लावलेल्यांमध्ये मात्र ते एका वर्षाला 12, पाच वर्षांना 21, दहा वर्षांना 31 आणि पंधरा वर्षांना 58 टक्क्यांवर गेलं. शेवटचा आकडा वाचून कुणाचंही मन खचेल. पण 2003 मध्ये ज्यांची पंधरा वर्षं भरली होती, त्यांची ऑपरेशनं 1988 च्या आधीची. त्या काळी गालाचं अस्तर रुळलेलंच नव्हतं, शिश्नाच्या किंवा अंडकोशाच्या कातडीचे तुकडे लावत. ती कातडी बाहेरच्या हवेसाठी असते, लघवीत सतत भिजली की वर्षानुवर्षांत खराब होत जाते, तिच्यावर केस उगवतात, फुगवटे येतात. तो 58 चा आकडा तुमच्या ऑपरेशनला जसाच्या तसा लावणं चूक आहे. गालाच्या अस्तराचे अनुभवी केंद्रांचे निकाल पाहिले, तर तुमच्यासारख्या जागी पाच वर्षांच्या आसपास दहापैकी आठ ते नऊ जण पुन्हा ऑपरेशनशिवाय ठीक असतात.

तरीही त्या जुन्या अभ्यासातली एक गोष्ट आजही लागू आहे. अस्तर लावलेल्या नळीत पुन्हा आवळण्याचा धोका पूर्ण कधीच संपत नाही. बहुतेक वेळा काही व्हायचं असेल तर ते पहिल्या वर्ष-दोन वर्षांत होतं. क्वचित सात-आठ वर्षांनीही होतं. आणि माणसाला ते लवकर कळत नाही. मोठ्या माणसाच्या नळीत भरपूर वाव असतो. ती आवळत आवळत तीन-साडेतीन मिलिमीटरवर येईपर्यंत धारेत फारसा फरक पडत नाही. म्हणून ‘मला काही त्रास नाही’ म्हणून तपासणी बंद करू नका. ऑपरेशन झालेले बरेच जण दोन वर्षांनी यायचे थांबतात आणि परत येतात ते लघवी पूर्ण अडल्यावर. मला याचं फार वाईट वाटतं, कारण वर्षभर आधी आले असते तर काम अगदी थोडक्यात झालं असतं.

तपासणी म्हणजे फार काही नसतं. भरल्या लघवीने जायचं आणि फ्लो टेस्टच्या भांड्यात लघवी करायची. मशीन कागदावर रेघ काढतं. निरोगी माणसाची रेघ झपकन वर चढते आणि उतरते. नळी आवळलेल्याची रेघ थोडी चढून सपाट पठारासारखी लांबच लांब चालते. तुमच्या आत्ताच्या रिपोर्टवर ती तशीच असेल, काढून बघा. मग पोटाच्या सोनोग्राफीत लघवी किती उरली ते पाहतात. साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आणि वर्षाने बारीक दुर्बिणीतून एकदा आत बघतात. अस्तर लावलेलं असेल तर दुसऱ्या वर्षीही, आणि त्यानंतर दरवर्षी निदान फ्लो टेस्ट करावी, असं माझं मत आहे. दरवर्षीचा रिपोर्ट एकाच फाइलमध्ये ठेवा. धारेचा वेग (सेकंदाला किती मिलिलिटर) 22 वरून 19 आणि 19 वरून 14, असा घसरताना दिसला की डॉक्टर लगेच आत बघतात.

समजा, आवळलंच. तर ते बहुधा अस्तर जिथे जुन्या नळीला शिवलेलं असतं त्या टोकाशी, पातळ कड्यासारखं असतं. असं कडं एकदा दुर्बिणीतून कापलं तर बऱ्याचदा पुरतं. इथे मी दुर्बिणीला हो म्हणतो, कारण ते तीन सेंटिमीटरचं कडक व्रण नसतं. तेवढ्याने भागलं नाही तर दुसऱ्या गालाचं अस्तर घेऊन पुन्हा ऑपरेशन करता येतं. पहिल्याइतके नसले तरी त्याचे निकाल चांगले असतात. म्हणजे आज ऑपरेशन केलंत म्हणून पुढचे मार्ग बंद होत नाहीत.

दोन डॉक्टरांनी सांगितलेलं यश वेगवेगळं का, असा प्रश्न तुम्हाला पुढे कधीतरी पडेल. कुणी ‘पुन्हा काही करावं लागलं नाही’ याला यश म्हणतं, कुणी ‘दुर्बीण आरामात आत गेली’ याला. दुसरी कसोटी कडक आहे, त्यामुळे तिचा आकडा नेहमी कमी दिसतो. टक्के ऐकाल तेव्हा कसोटी कोणती आणि किती वर्षांची, ते विचारा.

आता तंबाखू. यावर मी जरा कडक बोलणार आहे. तुमच्या नळीचं नवं अस्तर तुमच्या गालातून यायचंय आणि त्याच गालात तुम्ही रोज चुना लावून मळलेली चिमूट धरता. तंबाखू आणि चुन्याने ते अस्तर पांढरं, राठ होतं. सुपारी किंवा गुटखा असेल तर ते खालून घट्ट होत जातं, तोंड कमी उघडायला लागतं. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण पुण्यात तो कुठे मिळतो हे मी तुम्हाला सांगायला नको. आज आरशासमोर उभे राहा आणि तीन बोटं उभी करून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर आधी दंतवैद्यांना किंवा मुखरोगतज्ज्ञांना दाखवा. भूल देताना घशात नळी घालायलाही त्रास होतो आणि हवं तेवढं चांगलं अस्तर मिळेलच असं नाही. मग जिभेच्या खालच्या बाजूचं किंवा ओठाच्या आतलं अस्तर घ्यावं लागतं. कोणत्या बाजूला चिमूट धरता तेही सर्जनना सांगा, म्हणजे दुसऱ्या बाजूचं घेता येईल. तंबाखू आजपासून बंद करा. ऑपरेशनच्या तारखेपासून नव्हे, आजपासून, कारण अस्तर सुधारायला काही आठवडे लागतात. आणि नंतरही पुन्हा सुरू करू नका. ज्या तोंडातून अस्तर काढलं तिथली जखम तंबाखूत भरणार नाही, आणि कर्करोगाचा धोका आहेच. सुटत नसेल तर 1800 11 2356 हा केंद्र सरकारचा मोफत क्रमांक आहे, तिथे व्यसन सोडवायला मदत करतात.

संबंध आणि मूल यांबद्दल. शुक्राणू अंडकोशात तयार होतात, तिथे या ऑपरेशनचा हात पोचत नाही. वीर्य बाहेर येतं ते मात्र याच नळीतून, त्यामुळे सध्या ते जोराने येत नसेल, अडून नंतर ओघळत असेल. तुम्ही लिहिलं नाहीत, पण बहुतेकांना ते जाणवत असतं. नळी मोकळी झाली की हे सहसा सुधारतं. काहींना मात्र नळीचा तो भाग नीट आकुंचन पावत नसल्याने वीर्य सावकाश येतं. त्यामुळे मूल होण्यात क्वचितच अडचण येते. ताठरता पहिले काही महिने कमी वाटू शकते, ती बहुतेकांची सहा महिन्यांच्या आत पूर्ववत होते. तुमच्या वयात तर नक्कीच भीतीचं कारण कमी आहे. कंबरेचं हाड मोडून मूत्रमार्ग तुटलेल्यांची गोष्ट वेगळी असते. तिथे नसा अपघातातच दुखावलेल्या असतात आणि लोक दोष ऑपरेशनला देतात. तुमचं तसं नाही. तरी ऑपरेशनआधी आत्ता ताठरता कशी आहे हे डॉक्टरांना सांगून केसपेपरवर लिहून घ्या. नंतर शंका आली तर तुलना करायला ते लागतं. संबंध साधारण सहा आठवड्यांनी, तुमचे सर्जन हो म्हणाले की सुरू करा.

एक त्रास मात्र बऱ्याच जणांना राहतो आणि आधी सांगितला नसेल तर माणूस घाबरतो: लघवी झाल्यावर पँटमध्ये चार थेंब गळतात. नळीचा नवा भाग जुन्यासारखा पिळून लघवी पुढे ढकलत नाही, म्हणून त्यात थोडी साचून राहते. उपाय सोपा आहे. लघवी संपली की अंडकोशाच्या मागे बोटांनी वर दाबत पुढे आणायचं, दोन-तीनदा. साचलेली लघवी बाहेर पडते. सवय झाली की कुणाला कळतही नाही.

बायकोबद्दल. त्यांना ऑपरेशनच्या आधी सगळं सांगा. ‘इन्फेक्शन’ या शब्दावरून त्यांनी मनात काय काय बांधलं असेल, याचा विचार करा. नवऱ्याला तिथे इन्फेक्शन, तो जवळ येत नाही, विचारलं की टाळतो. तुमचा आजार शिडीवरून पडल्यामुळे झालाय. तो लागण होणारा नाही, त्यांना किंवा मुलीला त्यापासून काही धोका नाही. हे तुमच्या तोंडून ऐकायला मिळणं हा त्यांचा हक्क आहे. पुढच्या भेटीला त्यांना सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांनाच एक्स-रे दाखवायला सांगा. पांढऱ्या रेघेतला तो बारीक धागा पाहिला की समजावायचं फारसं उरत नाही. शिवाय ऑपरेशननंतर साधारण तीन आठवडे लघवीची पिशवी लावलेली असेल, ती घरी त्यांच्यापासून लपणार नाही.

ऑपरेशननंतर तोंडाला आठवडाभर मऊ, गार खा: दहीभात, ताक, खिमट. तिखट आणि कडक भाकरी नको. गाल काही आठवडे बधिर आणि घट्ट वाटेल, ते कमी होतं. तीन आठवड्यांनी पुन्हा डाय टाकून एक्स-रे काढतात आणि कुठे गळत नाही ना हे बघून पिशवीला जोडलेली लघवीची नळी (कॅथेटर) काढतात. ती नळी चुकूनही ओढली जाऊ देऊ नका. जड उचलणं निदान सहा आठवडे बंद, आणि सायकल व मोटारसायकल निदान तीन महिने, कारण बसण्याची जागा नेमकी शिवलेल्या भागावर येते. भोसरीला बसने जा किंवा कुणाच्या रिक्षेतून. मशीनवर उभं राहून हलकं काम महिन्या-सव्वा महिन्यात सुरू करता येतं, सर्जनकडून तसं लिहून घेऊन सुपरवायझरला द्या.

खर्चाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. पगारातून ईएसआयसी कापलं जात असेल तर आधी तिथे जा आणि यूरॉलॉजीसाठी रेफरल मागा. नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा आणि आपलं ऑपरेशन योजनेत बसतं का ते विचारा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्या.

तारीख मिळेपर्यंत एक सांभाळा. लघवी पूर्ण बंद झाली, किंवा थंडी वाजून ताप आला, तर रात्र असली तरी थांबू नका. सरळ यूरॉलॉजिस्ट असलेल्या रुग्णालयात जा आणि दारातच सांगा, ‘मूत्रमार्ग आवळलाय, खालून नळी जबरदस्तीने घालू नका.’ अशा वेळी पोटातून, बेंबीच्या खाली बारीक नळी घालून मूत्राशय मोकळं करतात. त्याने मूत्रमार्गाला विश्रांतीही मिळते. मोठ्या ऑपरेशनआधी एक ते तीन महिने मूत्रमार्गाला कुणी हात न लावणं तसंही चांगलं असतं. त्या काळात खरा आवळलेला भाग किती, हे उघड होतं.

आणि हेच वाक्य ऑपरेशननंतरही जवळ असू द्या. उद्या अपेंडिक्ससाठी किंवा गुडघ्यासाठी कुठे दाखल झालात, तर तिथली नर्स नेहमीप्रमाणे लघवीची नळी घालायला येईल. तिला आधीच सांगा, बायकोलाही सांगून ठेवा: मूत्रमार्गाचं ऑपरेशन झालेलं आहे, नळी घालायचीच असेल तर बारीक घ्या, जोर करू नका, आणि अडली तर यूरॉलॉजिस्टना बोलवा. ऑपरेशनचा डिस्चार्ज पेपर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, बायकोच्या मोबाइलमध्येही.